एकतीस नंबरचा गोऱ्हा

प्लास्टरच्या आत खाज सुटली की चंद्रभानभाऊ सुलोचनाबाईंची विणायची सुई वरून आत सोडत आणि डोळे मिटून खाजवत बसत. सुई सापडली नाही तर फूटपट्टी, फूटपट्टी नाही तर उलथनं. तीन आठवड्यांत सिंदी मेघेच्या त्या घरातली लांब आणि सपाट अशी एकही वस्तू त्यांच्या पायापासून वाचली नव्हती.

“मी पोळी कायनं उलटवू आता?” सुलोचनाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“हातानं उलटव. पहिले बाया हातानंच उलटवत.”

“पहिले माणसं दिवसभर घरी बसत नव्हते.”

घरी बसणं ही गोष्ट चंद्रभानभाऊंच्या एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात घडलेलीच नव्हती. जेवायला बसले तरी त्यांचा एक पाय दाराकडे वळलेला असे. बत्तीस वर्षं ते कारंज्याकडे जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. परिचर म्हणजे डॉक्टर सांगतील ते करणारा माणूस. पण डॉक्टर येत आणि बदलून जात, चंद्रभान घोडखांदे तेवढे तिथेच राहत. त्यामुळे गाय अडली की लोक दवाखान्याला नाही, चंद्रभानभाऊंना फोन करत, आणि ताटावरून उठून ते गाडीला किक मारत.

निवृत्तीनंतर वर्ध्यालगत सिंदी मेघेला घर झालं, पण किक काही सुटली नाही. तिकडची गाय म्हणजे गवळाऊ. पांढरी, उंच पायांची, लांबोळ्या तोंडाची, चालीला चपळ. ती कमी होत चालली म्हणून तिकडच्या गोपालकांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. दर हिवाळ्यात मंडळ चार गोऱ्हे वळू म्हणून निवडी, त्यांच्या खुराकाची सोय करी आणि गावोगावच्या गाईंसाठी ते राखून ठेवी. आधी निवड समिती घरोघरी जाऊन जनावर पाही. मग कुजबुज सुरू झाली की ज्याच्या घरचे पोहे बरे, त्याचा गोऱ्हा बरा. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष वासुदेवराव यांनी नियमच बदलला. कोणी कोणाच्या घरी जायचं नाही. फोटो मागवायचे, मालकाचं नाव झाकून फोटोला नंबर द्यायचा, आणि समितीने तेवढ्यावरून ठरवायचं.

फोटो नीट आहे की नाही हे पाहायचं काम चंद्रभानभाऊंकडे आलं. निवड त्यांच्या हातात नव्हती, शिफारस करायची त्यांना मनाई होती. चालणारा फोटो पुढे पाठवायचा, न चालणारा का चालत नाही ते लिहून परत करायचा. जनावर आडवं उभं पाहिजे, जागा सपाट, चारी खूर दिसले पाहिजेत, शिंगापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पुरं आलं पाहिजे, अंगावर झूल नको, फोटोत माणूस नको. इतकं साधं होतं, आणि इतकं साधं कोणालाच जमत नव्हतं.

एकाने गोऱ्ह्याच्या गळ्यात हात टाकून जावयालाच उभं केलं होतं. चंद्रभानभाऊंनी लिहिलं, “जावई चांगले आहेत. गोऱ्हा पाठवा.” एकाने पांढरा गोऱ्हा चुना मारलेल्या भिंतीपुढे उभा केला. त्याला गेलं, “शिंगं पोचली. बाकीचा कधी निघणार?” एकीने दृष्ट लागू नये म्हणून फोनमध्येच बोटाने गोऱ्ह्याच्या गालावर काळी तीट काढली, ती एवढी मोठी झाली की डोळाही तिच्याखाली गेला. तिला त्यांनी कळवलं, “आता आम्हालाच दिसत नाही, दृष्टीचा प्रश्न मिटला.” मागच्या पोळ्याचे बेगड लावलेले फोटो तर रोज येत. त्यांना एकच ठरलेलं उत्तर होतं: “लग्नाचा नको, रोजचा पाठवा.”

लोक हे शेरे एकमेकांना पाठवून हसत. ज्याला शेरा मिळाला तो मात्र हसत नसे. मागच्या साली दोघांनी फोटो पाठवणंच सोडलं होतं. चंद्रभानभाऊंनी ते मनावर घेतलं नव्हतं, कारण तेव्हा पाय धड होता. फोटो बिघडला की ते गाडी काढत, थेट गोठ्यात जाऊन उभे राहत, हात पुढे करत आणि म्हणत, “दे इकडे.” फोन घेत, फोटो काढत आणि चहा न पिता परत येत.

यंदा ‘दे इकडे’ म्हणायची सोय उरली नव्हती. बोरगाव मेघेजवळच्या एका गतिरोधकावर गाडी चालवता चालवता ते एका फोटोतल्या गवतात बुडालेल्या खुरांकडे पाहत होते. ‘खूर दिसत नाहीत’ एवढं बोटाने लिहून होईपर्यंत त्यांना गतिरोधक दिसला नाही.

गुरुवारी दुपारी फोन वाजला आणि एकतीस नंबरचा सहावा फोटो आला. चंद्रभानभाऊंनी तो पाहिला, पलंगावर हात आपटला आणि लिहिलं, “रद्द.”

एकतीस नंबर यशोदाबाईंचा होता. समितीला ते माहीत नव्हतं, यांना होतं. कारंज्यापासून आठेक किलोमीटर आत, संत्र्याच्या बागा संपतात तिथे त्यांचं गाव. अडीच वर्षांपूर्वी त्यांची गाय अडली होती. वासरू उलटं होतं. चंद्रभानभाऊंनी दोन तास खपून ते ओढून काढलं, गाय मात्र दुसऱ्या दिवशी गेली. ते वासरू म्हणजे कापश्या, आणि कापश्यासारखा गोऱ्हा त्या बाजूला आता दुसरा नव्हता हे चंद्रभानभाऊंना जितकं ठाऊक होतं तितकंच ते कोणाला सांगायची त्यांना बंदी होती.

संध्याकाळी यशोदाबाईंच्या मुलाचा, नीलेशचा फोन आला.

“काका, ते फोटोचं होते की नाई?”

“होईन. रविवारी पाचपर्यंत यादी उघडी हाय, सोमवारी सकाळी निवड.”

“मले त सोमवारचं पाहायचं हाय. सोमवारी दहा वाजता डॉक्टरसाहेब गावात येऊन राह्यले, चिमटा घेऊन. मी नाव देऊन ठेवलं.”

चिमटा म्हणजे गोऱ्हे खच्ची करायचा. चंद्रभानभाऊंनी आयुष्यात तो शेकडो वेळा धरला होता आणि धरताना त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आत्ता त्यांनी प्लास्टरमधली फूटपट्टी ओढून बाजूला फेकली.

“एवढी घाई काऊन बे?”

“घाई नाई काका. एका बैलावर माझं काम अडून राह्यलं. हा बसून खाते, अन् मागच्या हप्त्यात वासुदेवरावाच्या भाच्याच्या तुरीत घुसला. मंडळानं घेतला त मले आनंदच हाय, मी त्याले हात लावत नाई. नाई घेतला त मंग मले बैल पायजे.”

त्यात चुकीचं काही नव्हतं. म्हणूनच चंद्रभानभाऊंना जास्त राग आला.

शुक्रवारी एकतीस नंबरचा फोटो आला नाही. चंद्रभानभाऊंनी दर पाच मिनिटांनी फोन उचलून पाहिला. दुपारी कुबड्या घेऊन दारापर्यंत गेले, परत आले, परत गेले. शेजारच्याच्या व्हॅनची आठवण झाली तेव्हा त्यांनी शर्टही घातला.

“कुठी निघाले?” सुलोचनाबाई शाळेतून येऊन दारातच उभ्या राहिल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवत. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं.

“कारंज्याले. दोन मिन्टाचं काम हाय. फोटो काढतो अन् येतो.”

“सत्तर किलोमीटर जाऊन दोन मिन्टाचं काम?”

“मंग काय करू? तिले समजूनच नाई राह्यलं. सहा वेळा सांगितलं.”

“शर्ट काढा. उलटा घातला हाय.”

शनिवारची शाळा सकाळची. सुलोचनाबाई बाराला आल्या तेव्हा चंद्रभानभाऊ कानाला फोन लावून बसले होते आणि पलंगाच्या दांडीवर उलथन्याने ठेका धरत होते. चौथ्यांदा लावल्यावर तो यशोदाबाईंच्या सुनेने, अपेक्षाने उचलला.

“काका, आई बोलत नाई म्हणते.”

“काऊन?”

पलीकडे कुजबुज झाली. मग अपेक्षा जरा हळू आवाजात म्हणाली, “ते म्हणते, मी नापास झाली. सहा वेळा नापास झाल्यावर कोण परीक्षा देते? आता जे होईन ते सोमवारी होईन म्हणते.”

“तिले म्हणा, मी—” फोन बंद झाला.

सुलोचनाबाईंनी समोरच्या खुर्चीवर बसून वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला होता. मान वर न करता त्यांनी हात पुढे केला. “द्या इकडे.”

आपलंच वाक्य आपल्याकडे आलेलं ऐकून चंद्रभानभाऊ क्षणभर गोंधळले आणि त्यांनी फोन दिला. सुलोचनाबाईंनी चष्मा खाली ओढून वाचायला घेतलं. “‘समोरून नको, आडवा.’ बरं. ‘आडवा म्हणजे काय ते नीलेशला विचारा.’ हे काय लिहिलं? ‘तोंड पोचलं, बाकी कुठे?’ ‘पुन्हा तेच.’ ‘रद्द.’ ‘रद्द.’ काऊन रद्द?”

“पहिल्याच वेळी लिहिलं ना. परत परत किती लिहू?”

“मी पोट्ट्याच्या वहीत नुसती फुली मारली त पोट्टं दुसऱ्या दिवशी ते पानच फाडून येते. फुलीनं त्याले इतकंच समजते का बाई चिडल्या.”

“मंग काय, चुकलं त बरोबर म्हणू? उद्या समिती मले विचारन.”

“बरोबर म्हणा असं म्हटलं काय मी?” त्यांनी गठ्ठ्यातली एक वही काढून त्यांच्यापुढे धरली. “हे पाहा. सात अन् आठ चौदा. कालच्या साऱ्या बेरजा याच्या एक एकनं कमी. फुली मारली असती त याले गणित येत नाई, असंच म्हटलं असतं. मी म्हटलं, कसं मोजलं दाखव. त्यानं बोटं काढले. सातपासूनच मोजून राह्यला तो. सात, आठ, नऊ. त्याले मोजता बराबर येते, सुरुवात चुकते. आता एक गोष्ट सांगितली, साऱ्या वहीचं काम झालं.”

“पोट्टं समोर असते तुह्या. मले काय दिसते इथून?”

“सहा फोटो दिसते. त्यात काय नाई ते तुमी सहा वेळा लिहिलं. त्यात काय हाय ते मले सांगा.”

चंद्रभानभाऊंना हा खेळ वाटला. पण फोन हातात होता आणि पाय प्लास्टरमध्ये होता. त्यांनी पहिला फोटो उघडला.

“तोंड. समोरून.”

“अजून?”

“डोळे. डोळे चांगले हाय त्याचे, बदामासारखे.”

“कुठी पाहून राह्यला?”

“फोनकडे. तिच्याकडे.” त्यांनी दुसरा उघडला. मागे या खेपेला गोठ्याची भिंत नव्हती, कडब्याची गंजी होती. म्हणजे यशोदाबाई जागा बदलून, बाजूला जाऊन उभ्या राहिल्या होत्या. तरी तोंड समोरच. तिसऱ्यात मागे विहीर, चौथ्यात संत्र्याचं झाड, पाचव्यात दुसऱ्या बाजूचं दार. त्या बाईने गोऱ्ह्याला पुरती प्रदक्षिणा घातली होती. आणि सहाच्या सहा फोटोंत कान पुढे, मान पुढे, डोळे सरळ.

चंद्रभानभाऊंचा उलथन्याचा ठेका थांबला.

“बाटली,” ते म्हणाले.

“काय?”

“त्याची माय दुसऱ्याच दिवशी गेल्ती. यशोदाबाईनं बाटलीनं वाढवला त्याले. तो तिच्या मागं मागं फिरते. ती आडवी जाते, अन् तो तिच्याकडे वळते.” त्यांनी कपाळाला हात लावला. “मीच त बाटली आणून देल्ती. अन् मी लिहून राह्यलो, आडवा म्हणजे काय ते नीलेशले विचारा.”

सुलोचनाबाईंनी चौदाचे पंधरा करायला जागा सोडून वहीवर एक बारीक खूण केली.

या वेळी चंद्रभानभाऊंनी अपेक्षाला फोनचा आवाज मोठा करायला सांगितलं. “वहिनी, ऐकून राह्यल्या काय? बोलू नका, नुसतं ऐका.”

“ऐकून राह्यली. रद्दवाले काय म्हणते?”

“फोटो काढता तवा तो काय करते, ते मले पहिल्यापासून सांगा.”

यशोदाबाई म्हणाल्या, “काय करन? म्या इकून गेली का तो इकून वळते, तिकून गेली का तिकून. चक्कर आली मले. नीलेशनं दोर धरला त नाचते, दोर तुटते का काय असं वाटते.”

“हे मले सांगितलं काऊन नाई?”

“तुमी विचारलं काऊन नाई?”

चंद्रभानभाऊंनी सुलोचनाबाईंकडे पाहिलं. त्या अगदी मन लावून वही तपासत होत्या.

“चुकलं माझं,” ते फोनमध्ये म्हणाले. “आता असं करू. तुमी त्याच्या तोंडासमोर उभ्या राहा, फोन दुसऱ्याच्या हाती द्या. नीलेश नको, त्याले पाहून तो बिचकते. अपेक्षा, तू काढशीन?”

“मी? नाई काका.” अपेक्षाचा आवाज एकदम दूर गेला. “मी शहराकडची, बोरगाव मेघेची हाव. गाय मी दुधाच्या पिशवीवरच पाह्यली होती. लग्नाले साल झालं, मी अजून गोठ्याच्या चौकटीच्या आत नाई गेली.”

“जाऊ नको. तुले भीती वाटत नाई, इतकी दूर किती पावलांवर राहशीन?”

तिने विचार केला. “पंधरा. पंधराच्या आत नाई.”

“मले पंधराच पायजे. बाकी सारे त्याच्या नाकाजवळ जाऊन काढते, म्हणून त डोकं मोठं अन् पाय बारीक येते.”

“खरं काय?” अपेक्षाने विचारलं. आपली भीती कोणाच्या उपयोगाची आहे हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

रविवारी सकाळी यशोदाबाईंच्या घरचे सगळे कापूस वेचायला गेले. यशोदाबाईंनी सांगूनच ठेवलं होतं की तीनच्या आधी जमणार नाही. तीनपर्यंत चंद्रभानभाऊंनी घरातली दोन्ही घड्याळं एकमेकांशी ताडून पाहिली, दोनदा चहा मागितला, दोन्ही वेळा तो थंड होऊ दिला. बाकीच्या नंबरांचे फोटो पुढे पाठवले. जावईवाल्याने शेवटी जावयाला बाजूला केलं होतं. त्याला ‘बरा आला’ असं लिहून चंद्रभानभाऊ स्वतःच चमकले.

चार वाजून पाच मिनिटांनी पहिला आला. काळाकुट्ट. आभाळ लख्ख आणि त्यापुढे गोऱ्ह्याची नुसती सावली. त्यांच्या बोटाने सवयीने ‘र’ उमटवला.

“अहो,” सुलोचनाबाई म्हणाल्या. एवढंच.

त्यांनी ‘र’ पुसला. फोटो मोठा केला, खालपासून वरपर्यंत पाहिला आणि एकेक शब्द हुडकत लिहिलं, “चारी खूर आले. शेपटीचा गोंडाही पुरा आला, तो अजून कोणाच्या फोटोत नीट आला नव्हता. आता एकच कर. तू दुसऱ्या बाजूला जा, सूर्य तुझ्या पाठीवर पडला पाहिजे.”

लिहायला सहा मिनिटं लागली. ‘रद्द’ला एक सेकंद लागे.

चार वीसला दुसरा आला. उजेड सुरेख. पण पाठीवरून संत्र्याची एक फांदी वशिंडात घुसली होती, जशी काही तिथूनच उगवली आहे. या वेळी त्यांनी फोनच लावला. “अपेक्षा, उजेड मस्त हाय. बोट एकदम स्थिर हाय तुह्यं. आता तू जागची न हलता डावीकडे दोन पावलं घे.”

“जागची न हलता दोन पावलं?”

“म्हणजे... पुढं मागं नको. नुसती बाजूले. ती फांदी त्याच्या पाठीवरून निघाली पायजे.”

“कोणती फांदी?” मग थोडं थांबून, “अरे हो. मले दिसलीच नाई.”

“दिसत नाई. आपुन गोऱ्ह्याकडेच पाहत असतो.”

चार चाळीसला तिसरा आला, आणि चंद्रभानभाऊ पलंगावर ताठ बसले.

कापश्या आडवा उभा होता. कलत्या उन्हात पांढरा, मानेवर आणि वशिंडावर राखी झाक. चारी खूर मोकळ्या जमिनीवर, पाठ सरळ, शेपटीचा काळा गोंडा मागच्या गुडघ्याच्या जरा खाली. मान लांबवून तो पुढे पाहत होता. आणि फोटोच्या उजव्या कडेला, त्याच्या नाकाला टेकलेला, एक हात होता. मनगटात हिरव्या बांगड्या, तळवा उघडा आणि रिकामा.

फोटोत माणूस नको, हा नियम होता.

“काका,” अपेक्षा फोनवर होती, तिला धाप लागली होती. “हात कापून देऊ काय? फोनमधीच कापता येते.”

“हात कापला त नाक जाईन.”

“मंग आईले मागं व्हायला सांगू?”

“सांगून पाह्य.”

पलीकडून यशोदाबाईंचा आवाज आला. “मी मागं झाली का तो पुढं येते. मंग हाय त्याच ठिकाणी.” आणि मागून नीलेश, “काका, पावणेपाच झाले. जाऊ द्या ना. नाई त नाई.”

चंद्रभानभाऊ उठले. कुबडी न घेताच उठले, मग पलंगाचा खांब धरून उभे राहिले. हे जसंच्या तसं पाठवलं आणि समितीने नियमावर बोट ठेवलं तर उद्या दहा वाजता चिमटा. नाक कापून पाठवलं तर तोंडाची ठेवण जाते, आणि गवळाऊ ओळखायची ती तोंडावरूनच. आत्ता तिथे असतो तर काय केलं असतं? ‘दे इकडे’ म्हटलं असतं. आणि गोऱ्हा नाचला असता, हेही त्यांना आता कळत होतं.

“सुलोचना, पाह्य बरं. काय दिसते?”

सुलोचनाबाईंनी चष्मा सारखा केला. “गोऱ्हा दिसते. हात दिसते.” मग जवळ घेऊन, “दोर कुठी हाय याचा?”

दोर होता. वेसणीतून खाली आलेला आणि जमिनीवर मोकळा पडलेला. तो कोणीही धरला नव्हता.

“अपेक्षा,” चंद्रभानभाऊ म्हणाले, “कापू नको. राहू दे.”

फोटोसोबत समितीसाठी दोन ओळींची जागा असे. तिथे ते आजवर ‘योग्य’ एवढंच लिहीत आले होते. शिफारस करायची नव्हती. त्यांनी लिहिलं, “चारी खूर, शिंगं, वशिंड, गोंडा दिसतो. उजव्या कडेला मालकाचा हात आहे. दोर जमिनीवर मोकळा आहे.” पाचला सहा मिनिटं कमी असताना ते गेलं.

ती रात्र कशी गेली ते सुलोचनाबाईंनाच विचारावं. सकाळी उलथनं सापडेना तेव्हा ते चंद्रभानभाऊंच्या उशीखाली निघालं.

सव्वानऊला वासुदेवरावांचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमी सभेत बोलल्यासारखा.

“चंद्रभान, हे एकतीस नंबरात माणसाचा हात हाय.”

“हाय. लिहिलं मी.”

“नियम तुलेच पाठ हाय. मंग हा पुढं काऊन पाठवला?”

“हात काढला त गोऱ्हा उभा राहत नाई, भाऊ. त्या हातासाठीच उभा हाय तो.”

“तेच आमचं भांडण झालं इथी. दोघं म्हणे, नियम म्हणजे नियम. मंग मी साऱ्या नंबरांचे फोटो टेबलावर मांडले. बाकी साऱ्या फोटोत दोर ताणलेला हाय. एकात त दोन दोर. कोणी ओढून धरलं, कोणी खुंटाले आवळलं. अन् याचा जमिनीवर.” पलीकडे कागद सरकले. “हा वळू गावोगाव फिरवायचा हाय आपल्याले. बायामाणसाच्या हाताले उभा राहते, अशे किती हाय?”

चंद्रभानभाऊंनी फूटपट्टी प्लास्टरमध्ये सोडली. शिफारस करायची मनाई होती.

“हातासहित घेतला,” वासुदेवराव म्हणाले. “चौथा. पण पुढच्या साली नियम नीट लिहून देजो. हे असं हात हाय, दोर हाय, पुन्हा नको.”

नीलेशने फोन उचलला तेव्हा पलीकडे जीपचा आवाज येत होता. “डॉक्टरसाहेब आज लवकरच आले काका, शेजारच्या गोठ्यात हाय. पुढचा नंबर आमचाच.”

“त्यायले चहा पाज अन् पाठवून दे. घेतला मंडळानं.”

जीप बंद झाली. मग नीलेश हळूच म्हणाला, “मंग मी यंदा एकाच बैलावर पेरू काय?”

“दुसऱ्याची जोडी वापर एक साल. बोलतो मी वासुदेवरावाशी.”

“बोला. अन् एक सांगा. तो माझ्या हाताले उभा राहत नाई, आईच्या राहते. मंग तुमी गावोगाव फिरवान त आईले संग पाठवू काय?”

“पाठव ना. ती एका पायावर तयार होईन.”

फोन यशोदाबाईंनी ओढून घेतल्याचं त्यांच्या बांगड्यांवरून कळलं. त्या म्हणाल्या, “भाऊ, त्या फोटोत माझा नुसता हात हाय.”

“समितीचा नियम हाय वहिनी.”

“समितीचा झाला. आता माझा काढाले सांगा हिले. पुरी पायजे मी.”

दहा वाजले तेव्हा चिमटा दुसऱ्या गावाच्या रस्त्याला लागला असावा. चंद्रभानभाऊ अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि प्लास्टरमध्ये फूटपट्टी होती. फोन वाजला. फोटोत मधोमध यशोदाबाई, डोक्यावर पदर सारखा केलेला, चेहरा कोर्टात उभं राहिल्यासारखा. त्यांच्या खांद्यावरून कापश्याचं तोंड पुढे आलेलं. त्याची शिंगं वर कापली गेली होती. खाली खुरांचा पत्ता नव्हता. एका कोपऱ्यात बोट आलं होतं. ऊन चुकीच्या बाजूला होतं.

खाली अपेक्षाने लिहिलं होतं, “कसा आला काका?”

त्यांचं बोट ‘शिं’पर्यंत गेलं आणि थांबलं. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. यशोदाबाईंच्या नाकातली चमकी दिसत होती. गोऱ्ह्याच्या पापण्यांवरचा कापसाचा एक धागाही दिसत होता.

शिंगांचं त्यांनी पुसून टाकलं आणि विचारलं, “किती पावलांवरून काढला?”



“मोजलं नाही,” अपेक्षाने लिहिलं. “तीन असतील.”